एकाच खांद्यावर

टोकियो शहरात सम्राट मेइजीच्या स्मरणार्थ उभारलेले एक मोठे देवस्थान आहे. त्याच्या बाहेरच्या उपवनात १९२६ साली एक क्रीडांगण उघडले, ते जिंगू मैदान. या मैदानावर १९६० च्या नोव्हेंबर महिन्यात वासेदा आणि केइओ या दोन विद्यापीठांच्या मुलांमध्ये बेसबॉलचे सहा सामने झाले. व्हायचे होते दोन, फार तर तीन. पण निकालच लागेना, म्हणून ते लांबत गेले. सहा सामन्यांना मिळून सुमारे ३,८०,००० माणसे लोटली. आणि सहापैकी पाच सामन्यांत वासेदाच्या बाजूने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकाच मुलाने फेक केली. त्याचे नाव आंदो मोतोहिरो. त्या सात दिवसांत तो ४९ डाव खेळला आणि त्याने ५६४ चेंडू टाकले.

जपानात ही कथा अजून सांगितली जाते, आणि ती वीररसात सांगितली जाते. त्यात वावगे काही नाही. आपणही बाजीप्रभूची खिंड डोळे कोरडे ठेवून सांगत नाही. पण घोडखिंड ही घोडखिंड होती आणि जिंगूवर चालला होता तो खेळ. खेळात एका मुलाच्या खांद्यावर एवढे ओझे का आले, कोणी टाकले, आणि ते वाटून घेण्याची युक्ती जगात ठाऊक असताना ती इथे का वापरली गेली नाही, हे विचारल्याखेरीज ही कथा पुरी होत नाही, असे मला वाटते.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा बेसबॉलशी परिचय सिनेमातलाच असणार, म्हणून दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. दोन्ही संघांना आळीपाळीने नऊ नऊ डाव मिळतात. प्रत्येक डावात तीन फलंदाज बाद झाले की डाव संपला. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो साडेसाठ फुटांवरच्या एका उंचवट्यावर उभा राहतो. क्रिकेटच्या गोलंदाजासारखी त्याला धाव घेता येत नाही आणि सहा चेंडूंनंतर दुसऱ्या टोकाने दुसरा कोणी सुरू करील अशी सोयही नाही. तो बदलला जाईपर्यंत प्रत्येक चेंडू त्याचाच. शिवाय आपल्याकडे ज्याला ‘फेक’ म्हणून पंच हरकत घेतो, तीच तिथे विद्या आहे. कोपर वाकवायचे आणि चाबकासारखे झटक्याने सरळ करायचे. कोपराच्या आतल्या अंगाला दंडाचे हाड आणि हाताचे हाड जखडून ठेवणारा एक लहानसा अस्थिबंध असतो. प्रत्येक चेंडूचा ताण त्याच्यावर येतो, आणि त्याच्याखालोखाल खांद्यावर.

५६४ चेंडू म्हणजे क्रिकेटच्या हिशेबाने ९४ षटके. हा आकडा ऐकून एखादा जाणकार म्हणेल, त्यात काय मोठेसे? आमच्या नाशिकच्या बापू नाडकर्ण्यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली. त्यांतली २७ निर्धाव, लागोपाठ २१ निर्धाव, धावा अवघ्या पाच. खरे आहे. पण नाडकर्ण्यांचा हात गोल फिरत होता, संथ फिरत होता, आणि एका षटकानंतर त्यांना दुसऱ्या षटकाची उसंत होती. पिचरचे काम हे दिवसभर धोंडे भिरकावण्याच्या जातीचे आहे. म्हणून तर त्या खेळात फार लवकर ‘पाळी’ आली. आज एकाने टाकायचे, उद्या दुसऱ्याने, परवा तिसऱ्याने. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्याची पाळी. ही पाळी लावणे हेच तिथल्या गुरूचे मोठे कसब समजले जाते.

आता जपानकडे वळू. हा खेळ तिकडे नेला तो होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने. तो टोकियोत शिकवत होता, आणि साल सांगतात १८७२. (मुलांना पुस्तकाबाहेर काढून पटांगणात नेणारा शिक्षक इतिहासात क्वचितच नाव मिळवतो. याने मिळवले.) खेळ वाढला तो शाळा-कॉलेजांतून. धंदेवाईक संघ पुढे कितीतरी वर्षांनी आले. त्यामुळे तिकडे बेसबॉलला पहिल्यापासून विद्यार्थ्यांच्या व्रताचा, तपश्चर्येचा रंग चढला, आणि गुरू म्हणेल ते ब्रह्मवाक्य ठरले.

वासेदा आणि केइओ ही दोन खासगी विद्यापीठे. केइओ फुकुझावाचे, वासेदा ओकुमाचे. दोघेही आधुनिक जपानच्या शिल्पकारांत मोडणारे. या दोन विद्यापीठांचा पहिला सामना २१ नोव्हेंबर १९०३ रोजी झाला. तो केइओने ११-९ असा जिंकला. तीन वर्षांत ही स्पर्धा इतकी तापली की १९०६ साली पहिला सामना जिंकल्यावर केइओची मुले ओकुमाच्या वाड्यासमोर जाऊन जयघोष करून आली. दुसरा वासेदाने जिंकला, तेव्हा त्यांनी फुकुझावांच्या घरासमोर त्याची परतफेड केली. तिसऱ्या सामन्याला रक्त सांडणार असे दिसू लागले आणि वडीलधाऱ्यांनी तो रद्दच केला. त्यानंतर ही दोन विद्यापीठे एकमेकांशी १९ वर्षे खेळली नाहीत! भाऊबंदकीत आपणच पुढे आहोत असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

या बंदीच्या आधी, १९०५ मध्ये, एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती. वासेदाचे प्राध्यापक आबे इसो हे ख्रिस्ती आणि समाजवादी होते, आणि बेसबॉलचे वेडे होते. त्यांनी मुलांना शब्द दिला होता की सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवलेत तर तुम्हांला अमेरिकेला नेईन. मुलांनी १९०४ मध्ये ते करून दाखवले. तेव्हा रशियाशी युद्ध पेटलेले होते. लोक म्हणाले, अशा वेळी खेळायला परदेशी? पण आबे बधले नाहीत. त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचे आरमार बुडत होते, त्या मे महिन्यात वासेदाची पोरे अमेरिकेत चेंडू खेळत होती. २६ सामने झाले. सात जिंकले, एकोणीस हरले. पण येताना ती पोरे पुष्कळ विद्या बांधून घेऊन आली. चेंडू फेकण्याआधी हात कसा फिरवावा, हातमोजे कसले घालावेत, चेंडू हलकेच बॅटने खाली कसा ठेवावा, हे सगळे.

एक विद्या मात्र ती घेऊन आली नाहीत. या दौऱ्यात वासेदाचा पिचर होता कोनो आत्सुशी. जवळजवळ सगळे सामने त्याने एकट्याने ओढले. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. अमेरिकन प्रेक्षकांनी त्याला कौतुकाने ‘पोलादी कोनो’ म्हटले. ते कौतुक होते, आणि त्यात थोडे नवलही होते, कारण त्यांच्याकडे असे करण्याची रीत मागे पडत चालली होती. मायदेशी मात्र ते नाव बिरुदासारखे पोचले. एकट्याने सगळे ओढणारा तो खरा पिचर, ही समजूत तिकडे रुजायला कोनोचा हातभार लागला, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

या समजुतीला तत्त्वज्ञानाची बैठक दिली ती तोबिता सुइशू यांनी. हे वासेदाचे एके काळचे कर्णधार. १९१० साली शिकागो विद्यापीठाचा संघ जपानात आला आणि त्याने वासेदाला एकही सामना जिंकू दिला नाही. तोबितांनी शरमेने कर्णधारपद सोडले. १९१९ मध्ये ते गुरू म्हणून परतले, आणि १९२५ मध्ये शिकागो पुन्हा आले तेव्हा त्यांना हरवूनच त्यांनी पदाचा त्याग केला. पंधरा वर्षे एखादा पराजय उराशी बाळगणे सोपे नाही. त्यांची तालीम इतकी कडक असे की तिला ‘मरणाची तालीम’ म्हणत. एकेका चेंडूत सगळा जीव ओतावा, ही त्यांची शिकवण. त्यांना जपानच्या विद्यार्थी-बेसबॉलचा जनक म्हणतात. त्यांच्या सचोटीबद्दल कोणाला शंका नव्हती. १९४३ च्या ऑक्टोबरात सरकारने विद्यार्थ्यांची सैन्यभरतीतली सूट काढून घेतली, तेव्हा रणांगणावर जाण्यापूर्वी मुलांना एक शेवटचा वासेदा-केइओ सामना खेळू द्यावा म्हणून केइओचे अध्यक्ष कोइझुमी शिंझो यांनी पुढाकार घेतला, आणि वासेदाकडून त्यासाठी झटले ते हेच तोबिता. तो सामना १६ ऑक्टोबरला झाला. वासेदाने १०-१ असा जिंकला. पाच दिवसांनी त्याच जिंगूच्या उपवनात, शेजारच्या मोठ्या मैदानावर, पावसात विद्यार्थी-सैनिकांचे संचलन झाले. त्यांतले कितीजण परत आले नाहीत.

मधल्या काळात, १९२५ पासून, टोकियोतल्या सहा विद्यापीठांची साखळी सुरू झाली होती. वासेदा, केइओ, मेइजी, होसेइ, रिक्क्यो आणि टोकियो. वसंतात एक हंगाम आणि शरदात एक. हिचा नियम समजून घेण्याजोगा आहे, कारण सगळे इंगित तिथे आहे. दोन संघ भिडले की जो आधी दोन सामने जिंकेल त्याला एक गुण. सामना बरोबरीत सुटला तर तो धरायचा नाही, पुन्हा खेळायचा. शनिवार-रविवारी संपले तर उत्तम, नाही तर सोमवारी. नाही तर मंगळवारी. आणि वासेदा-केइओची गाठ दर हंगामात सगळ्यांत शेवटी. म्हणजे शेवटची गाठ किती दिवस चालेल याला हद्दच नाही. अमुक इतके सामने होणार हे ठाऊक असेल तर माणूस पाळी लावतो. रोज ‘आजचा जिंकलाच पाहिजे’ असे असेल तर रोज सगळ्यांत चांगला मोहराच पुढे येतो.

१९६० चे वर्ष जपानला फार खळबळीचे गेले. जूनमध्ये अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा-कराराविरुद्ध लाखो माणसे रस्त्यावर उतरली. त्यांत विद्यार्थी अग्रभागी होते. संसदेच्या आवारात झालेल्या झटापटीत टोकियो विद्यापीठाची एक विद्यार्थिनी मरण पावली आणि पुढे पंतप्रधान किशींना जावे लागले. ऑक्टोबरात समाजवादी पुढारी आसानुमा यांना भर सभेत व्यासपीठावर भोसकले. आसानुमा वासेदाचेच. अशा वर्षाच्या अखेरीस लोक जिंगूकडे धावले यात नवल ते काय? तिथे निदान कोण जिंकले हे संध्याकाळी कळत होते. म्हणजे, कळायला हवे होते.

हंगामाच्या शेवटच्या गाठीला उभे राहताना केइओचे आठ विजय, दोन पराजय आणि चार गुण होते. वासेदाचे सात विजय, तीन पराजय आणि तीन गुण. वासेदाने सलग दोन जिंकले तर विजेतेपद त्यांचे. केइओने दोन जिंकले तर केइओचे. आणि वासेदाने दोन जिंकून एक गमावला तर दोघे सर्व बाबतींत समसमान, म्हणजे पुन्हा निर्णायक सामना. घडले तेच.

वासेदाचा गुरू होता इशिई रेन्झो. वय अठ्ठावीस. तोबितांच्या परंपरेतला, आणि त्यांच्याच प्रांतातला. त्याला ‘राक्षस रेन्झो’ म्हणत. ती शिवी नव्हती. केइओचा गुरू माएदा युकिची, वय तीस. खेळ हा आनंदासाठी असतो असे पुढच्या आयुष्यात उघडपणे सांगणारा. केइओकडे डावखुरा कियोसावा तादाहिको होता आणि त्याच्या जोडीला भरवशाचे आणखीही हात होते. वासेदाकडे होता आंदो. शिकोकू बेटावरच्या साकाइदे व्यापारी शाळेतून आलेला, विशीचा उंबरठा ओलांडणारा मुलगा.

रविवार ६ नोव्हेंबर. आंदोने पूर्ण सामना टाकला, वासेदा २-१. सोमवारी इशिईंनी त्याला बसवले. वासेदा १-४ असे हरले. मंगळवारी, म्हणजे तिकडे अमेरिकेत केनेडी-निक्सनची मतमोजणी व्हायची होती त्या दिवशी, आंदो परत आला आणि त्याने केइओला एकही धाव काढू दिली नाही. ३-०. याच सामन्यात वासेदाचा कर्णधार तोकुताके घराकडे धावताना केइओच्या कॅचरवर जोराने आदळला आणि केइओच्या बाजूचे प्रेक्षक खवळून उठले. वासेदाचे प्रेक्षक एका बाजूला, केइओचे दुसऱ्या बाजूला, अशी बसण्याची कडक विभागणी तिथे आहे. तिचे कारण जुने. १९३३ साली केइओचा खेळाडू मिझुहारा शिगेरू याच्यावर वासेदाच्या प्रेक्षकांनी फळे फेकली. त्याने एक सफरचंद उचलून परत भिरकावले आणि मग जो दंगा उसळला त्याला ‘सफरचंद-प्रकरण’ असे नाव पडले. मिझुहाराचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा यायचे आहे.

दोघे समसमान झाले. बुधवारी निर्णायक सामना. आंदोच. नऊ डाव झाले, १-१. दहावा, अकरावा झाला, अंधार पडला, पंचांनी खेळ थांबवला. गुरुवारी विश्रांती. शुक्रवारी पुन्हा तोच सामना, पुन्हा आंदो. यावेळी तर कोणाचीच धाव नाही. अकराव्या डावात केइओचे तीन गडी तिन्ही बेसवर उभे आणि बाद एकही नाही. एक साधा उंच टोला, एक चुकार फेक, काहीही झाले असते तरी हंगाम संपला असता. आंदोचा तो आठवड्यातला चाळिसावा डाव. केइओला धाव मिळाली नाही. अंधार पडला. ०-०.

शनिवारी, १२ तारखेला, तो सहाव्यांदा सामना. आंदो पाचव्यांदा उंचवट्यावर. वासेदा ३-१ जिंकले.

आकडे थोडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट दिसते. ४९ डावांत ५६४ चेंडू म्हणजे डावाला साडेअकरा. हे फार थोडे आहेत. हा मुलगा नुसता जोराने झोडत नव्हता. फलंदाजाला मारू देऊन, सोपा झेल किंवा घरंगळता चेंडू काढून, तो आपले चेंडू वाचवत होता. म्हणजे ज्याची पाळी कोणी लावली नाही, त्याने स्वतःपुरती काटकसर लावली होती. वीररसाच्या कथेत हा भाग येत नाही. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो.

इशिईंना दोष द्यावा काय? त्यांनी एकदा आंदोला विश्रांती दिली होती आणि तो सामना हातचा गेला. नंतर प्रत्येक दिवस शेवटचाच होता. मी शिकवण्याच्या धंद्यात आहे. वक्तृत्वाला, नाटकाला, स्वागताला, पाहुण्यांपुढे कविता म्हणायला, प्रत्येक वेळी तोच एक मुलगा उभा करण्याचा मोह काय असतो ते शिक्षकाला वेगळे सांगायला नको. त्या मुलालाही तेच हवे असते, ही त्यातली खरी अडचण. आंदोला कोणी विचारले असते तर त्याने चेंडू खाली ठेवला असता असे मला मुळीच वाटत नाही. म्हणूनच हा प्रश्न मुलाला विचारायचा नसतो.

आता ज्या देशातून हा खेळ आला, तिथल्या कॉलेजांकडे पाहू. तिथे साखळीला कॉन्फरन्स म्हणतात. एका कॉन्फरन्समधली दोन विद्यापीठे शुक्रवार, शनिवार, रविवार अशी ओळीने तीन दिवस खेळतात. तीन म्हणजे तीनच. पहिले दोन एकानेच जिंकले तरी तिसरा होतोच, आणि चौथा होत नाही. आग्नेय भागातल्या कॉन्फरन्समध्ये असे दहा आठवडे, तीस सामने. या एका साध्या वेळापत्रकाने पाळी आपोआप लागली. सगळ्यांत चांगल्या पिचरला तिथे ‘शुक्रवारचा’ म्हणतात, मग शनिवारचा, मग रविवारचा. मधल्या मंगळवार-बुधवारच्या किरकोळ सामन्याला एखादे नवखे पोर. शुक्रवारचा पुन्हा शुक्रवारीच दिसायचा.

पण तिथेही हंगामाची अखेर आली की गाठ पडतेच. शेवटच्या आठवड्यातली मालिका पुष्कळ कॉन्फरन्सांत गुरुवारी सुरू करतात, कारण पुढच्या मंगळवारपासून त्यांची बाद पद्धतीची स्पर्धा असते. म्हणजे शुक्रवारच्या मुलाची विश्रांती एका दिवसाने कापली जाते. वर लगेच स्पर्धा, तिच्यामागून राष्ट्रीय फेऱ्या. ओमाहा शहरात १९५० पासून अंतिम सामने होतात. तिथे पोचेपर्यंत पाळी मोडण्याचा मोह दर तीन दिवसांनी होतो. साऱ्या मोसमात धर्म पाळायचा आणि एकादशीच्या शेवटच्या घटकेला मोडायचा, असा तो प्रकार.

मोडलेल्या पाळीची उदाहरणे तिथेही आहेत. ३० मे २००९ रोजी ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठ आणि बॉस्टन कॉलेज यांचा सामना २५ डाव चालला. सात तास तीन मिनिटे. टेक्सास ३-२ जिंकले. त्यांच्या ऑस्टिन वुड या मुलाने त्यात मध्येच येऊन १३ डाव टाकले, १६९ चेंडू. त्या रात्री तिथेही वीररसच होता.

दुसरा एक वुड मला अधिक आठवतो. २१ मे १९८१ रोजी येलच्या मैदानावर येल आणि सेंट जॉन्स यांची गाठ होती. येलचा रॉन डार्लिंग, सेंट जॉन्सचा फ्रँक व्हायोला. दोघेही पुढे नामांकित धंदेवाईक पिचर झाले. डार्लिंगने ११ डावांत प्रतिपक्षाला एकही फटका लागू दिला नाही. बाराव्यात एक साधा फटका बसला, त्या गड्याने बेस चोरत चोरत मजल मारली आणि येल ०-१ हरले. प्रतिस्पर्धी उभे राहून डार्लिंगसाठी टाळ्या वाजवत होते. प्रेक्षकांत ९१ वर्षांचे जो वुड बसले होते, आणि त्यांच्याशेजारी बसून लेखक रॉजर एंजेल हे सारे टिपत होते. या वुडनी १९१२ साली बॉस्टनसाठी ३४ सामने जिंकले आणि अवघे पाच हरले होते. पुढच्याच वर्षी ओल्या गवतावर पाय घसरून अंगठा मोडला, मग खांदा दुखू लागला, आणि त्या वर्षासारखा हात पुन्हा कधी चालला नाही. नंतर ते येलच्या मुलांना वीस वर्षे शिकवत होते. बारा डाव एका मुलाचा हात चाललेला पाहताना त्या म्हाताऱ्याच्या खांद्यात काय हलले असेल, हे लिहायला कादंबरीकाराचा हातही थिटा पडेल.

तुटलेला अस्थिबंध जोडता येतो हे वैद्यांना पुष्कळ उशिरा जमले. २५ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या एका हाताचा स्नायूबंध काढून दुसऱ्या हाताच्या कोपरात ओवला. यश येण्याची आशा शंभरात एक, असे ते म्हणाले होते. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. ती शस्त्रक्रिया आता त्याच्याच नावाने ओळखली जाते. पण जे शिवता येते ते फाडायला हरकत नाही, असेही काहींना वाटू लागले असेल काय?

मोह आवरल्याचेही एक उदाहरण सांगतो. २०२३ च्या जूनमध्ये ओमाहाला लुइझियाना राज्य विद्यापीठाचा शुक्रवारचा पिचर होता पॉल स्कीन्स. त्या हंगामात २०९ फलंदाज त्याने फेकीने बाद केलेले. २२ जूनला त्याने वेक फॉरेस्टविरुद्ध आठ डाव, १२० चेंडू टाकले. अकराव्या डावात संघ २-० जिंकला. अंतिम फेरी दोन दिवसांनी. पहिला सामना त्यांनी जिंकला, दुसरा फ्लोरिडाने २४-४ असा धुतला. सव्वीस तारखेला सर्वस्व पणाला. गुरू जे जॉन्सन यांनी स्कीन्सला मैदानात आणलेच नाही. इतर मुलांनी टाकले आणि संघ १८-४ जिंकला. जिंकले नसते तर जॉन्सनना लोकांनी सोडले नसते, हे सांगायला नको.

आंदोचे पुढे काय झाले? १९६२ मध्ये तो तोएइ फ्लायर्स या धंदेवाईक संघात गेला. तिथला गुरू कोण? तर केइओचा तोच सफरचंदवाला मिझुहारा! पहिल्याच वर्षी आंदोने दहाहून अधिक सामने जिंकून दिले आणि संघ जपानचा विजेता ठरला. नंतर मात्र त्याची कारकीर्द फार वर्षे टिकली नाही. ते त्या आठवड्यामुळेच, असे ठासून म्हणणे न्यायाचे नाही. पण त्या काळी हे एकट्याचे दुखणे नव्हते. १९६१ मध्ये चुनिचीच्या गोंदो हिरोशीने पदार्पणातच ६९ सामन्यांत भाग घेऊन ३५ जिंकले. लोक थट्टेने म्हणत, आज गोंदो, उद्या गोंदो, परवा पाऊस, तेरवा गोंदो. दोन वर्षांत त्याचा हात गेला. मात्र हा गोंदो पुढे गुरू झाला, पिचरचा खांदा ही झिजणारी वस्तू आहे असे जन्मभर सांगत राहिला, आणि पाळी सांभाळून १९९८ मध्ये त्याने योकोहामाला अजिंक्यपद मिळवून दिले.

जपानने इशिई आणि माएदा या दोघांनाही बेसबॉलच्या सन्मान-मंदिरात स्थान दिले, ते एकाच वेळी, २०२० साली. राक्षस आणि आनंदयात्री शेजारी शेजारी. दोघेही तोवर हयात नव्हते. त्याच वर्षी तिथल्या माध्यमिक शाळांच्या बेसबॉल-संघाने नवा नियम लागू केला. कोणत्याही मुलाने एका आठवड्यात ५०० पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत.

हा नियम शाळकरी मुलांचा, विद्यापीठाचा नव्हे. तरी मी हिशेब करून पाहिला. ६ ते १२ नोव्हेंबर म्हणजे बरोबर सात दिवस. डावाला साडेअकरा चेंडू धरले तर आंदोचा पाचशेवा चेंडू पडतो तो शेवटच्या शनिवारी, चौथ्या डावात. तिथे पंचांनी हात वर केला असता, आंदो उंचवट्यावरून खाली उतरला असता, आणि वासेदाच्या बाकावर आठवडाभर बसून राहिलेल्या कुठल्या तरी दुसऱ्या मुलाच्या हाती तो चेंडू गेला असता.